वूफर गेला म्हणजे नेमकं काय गेलं

घरातला सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा वेगळा स्पीकर, बंद पडला तर ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही. फ्रीज बंद पडला की दुधाचं पातेलं शेजारी जातं, मिक्सर गेला की इडलीचं पीठ अडतं, टीव्ही गेला तर घरात बोंबच होते. वूफर गेला तरी गाणी चालू असतात, बातम्या चालू असतात, सिनेमातली माणसं व्यवस्थित भांडत आणि मरत असतात. फक्त सगळं जरा पोचट वाटायला लागतं. मग आपण आवाज वाढवतो, तो कर्कश झाला की कमी करतो आणि शेवटी खापर सिनेमावर फोडतो. हल्ली म्हणे रेकॉर्डिंगच धड करत नाहीत.

आमचा नेमका कधी गेला ते सांगता येणार नाही. मे महिन्यात वळीव कोसळला त्या संध्याकाळी कोथरूडमध्ये लाइट सारखी जात-येत होती, तेव्हाच गेला असावा असा अंदाज. लक्षात आलं ते पावसाळा लागल्यावर, तबल्याचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं तेव्हा. चाटेवरचे बोल खणखणीत. डग्गा मात्र नुसता टप टप. डग्ग्यावर मनगट टेकवून पुढे दाबत नेलं की जो घुमारा चढत जातो, तो कुठे नव्हताच. बोटं चामड्यावर पडल्याचा आवाज तेवढा येत होता. टीव्हीच्या टेबलामागे वाकून बघितलं तर वूफरचा दिवा लाल. गाणं सुरू झालं की तो हिरवा व्हायला हवा.

हा वूफर आम्ही २०११ साली घेतला. आठ इंची, काळा, पोटातच अँप्लिफायर असलेला, आणि उचलताना कंबरेची आठवण ठेवावी लागते इतका जड. कंपनीचं नाव सांगत नाही. कारण पुढे येईल.

"अगं, चौदा वर्षं झाली त्याला. वसूल झाला," नवरा म्हणाला.

"पण बिघडलंय काय ते तरी बघू."

"काय का बिघडेना. आता याच्यापेक्षा भारी येतात."

एव्हाना त्याच्या फोनवर दोन वूफर आणि एक साउंडबार उघडलेले होते, कसलासा सेल चालू होता आणि तो आज रात्री संपणार होता. (हे सेल कायम आज रात्रीच संपतात.) लेक आतल्या खोलीतून ओरडली, "आई, हेडफोन घाल की!" हेडफोनमध्ये खर्ज कानात येतो, सोफ्यात येत नाही. पण हे तिला पटण्यातलं नव्हतं.

'दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा' हा प्रश्न आपण अख्ख्या वस्तूबद्दल विचारतो, आणि तिथेच सगळा घोळ आहे असं माझं मत. सबवूफर म्हणजे तीन वस्तू एकत्र बांधलेल्या असतात. एक डबा, एक स्पीकर आणि मागच्या बाजूला स्क्रूंनी आवळलेली अँप्लिफायरची प्लेट. तिघांची आयुष्यं वेगळी. डबा माणसापेक्षा जास्त जगू शकतो. स्पीकरची गोष्ट त्याच्या कडेला काय लावलंय त्यावर. आणि प्लेट ही पहिल्यापासून अल्पायुषी. तेव्हा 'वूफर गेला' असं कुणी म्हटलं की या तिघांतलं कोण गेलं, हे आधी विचारायला हवं. ते न विचारता नवा घेणं म्हणजे दोन धडधाकट वस्तू फेकून देणं.

आणि त्याच्याही आधी, खरंच काही गेलंय का? बऱ्याच घरांत वूफर गेलेलाच नसतो. होम थिएटरचा रिसीव्हर बदललेला असतो आणि नव्याच्या सेटिंगमध्ये सबवूफर 'नो' असतो. किंवा झाडताना मागची केबल अर्धवट निघालेली असते. किंवा आवाज इतका बारीक ठेवलेला असतो की वूफरला आपल्याला बोलावलंय हेच कळत नाही, कारण ठरावीक ताकदीचा सिग्नल आल्याशिवाय तो जागा होत नाही. फ्यूज हा शेवटचा फुकटातला संशयित. मी हे सगळं बघून घेतलं. फ्यूज शाबूत होता, केबल दुसऱ्या स्पीकरला लावून पाहिली तर ठणठणीत, आणि वूफरच्या पोटातून एक बारीक, न थांबणारी घरघर येत होती. सिग्नलची केबल काढून घेतली तरी ती थांबेना. बाहेरून केबलवाटे येणारी घरघर केबल काढली की जाते. ही आतलीच होती.

प्लग काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. मधे एवढा वेळ घालवायला कारण आहे. स्वीच बंद केला तरी मोठ्या कॅपॅसिटरांत वीज साठून राहते. नव्या पद्धतीच्या सप्लायमध्ये घरातले २३० व्होल्ट सरळ डीसी (एकाच दिशेची वीज) होऊन सव्वातीनशेच्या घरात जातात, त्यामुळे तिथे हात घालायचं काम जाणत्याचं. आमच्या जुन्या प्लेटमध्ये कड्यासारखा वाटोळा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्याच्या पुढे तेवढे व्होल्ट नव्हते. तरी सबुरी बरी.

स्पीकरच्या दोन वायरी प्लेटपासून सोडवल्या आणि त्यांना भिंतीवरच्या घड्याळातला दीड व्होल्टचा सेल टेकवला. थप्. कोन, म्हणजे स्पीकरचा शंकूसारखा पडदा, नखभर पुढे आला. सेल काढला, परत थप्, कोन जागेवर. मल्टिमीटर लावला तर ३.४ ओहम. चार ओहमच्या स्पीकरची कॉइल, म्हणजे कोनामागची तारेची गुंडाळी, मीटरवर चारापेक्षा थोडी कमीच दाखवते, तेव्हा हे उत्तम. मग दोन्ही तळहात कोनावर सारखे ठेवून हळूहळू आत दाबला आणि कान जवळ नेला. ही तपासणी मला फार आवडते. कॉइल चुंबकाच्या खाचेत पुढे-मागे होते आणि तिथे दोन्ही बाजूंना मिलिमीटरभरसुद्धा मोकळी जागा नसते. कॉइल जळून तिचं वार्निश फुगलं असेल, किंवा कोन एका बाजूला कलला असेल, तर दाबताना खर्र खर्र असं बारीक ऐकू येतं, बोटांना कळतंसुद्धा. आमचा कोन आत गेला, बाहेर आला, अवाक्षर नाही.

कडेची पट्टी रबराची होती. नख रुतवलं तर मऊ, भेग नाही. याबाबतीत आमचं नशीब. माझ्या दिरांकडे आमच्यापेक्षा महागाचे स्पीकर होते, फोमच्या पट्टीचे. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, आणि दमट हवेत त्याची रासायनिक घडणच सुटत जाते. स्पीकर वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, दहा-पंधरा वर्षांत तो जायचाच. दिरांनी एके दिवशी जाळी काढून बोट लावलं तर पट्टी चिकट भुगा होऊन हातात आली. आपल्याकडचे जून ते सप्टेंबर आठवा. कपड्यांना येतो तो कुबट वास फोमलाही सोसावा लागतो. पण त्यातही पट्टीच गेलेली असते. कॉइल आणि चुंबक शाबूत असतात, आणि नवी पट्टी चिकटवून मिळते. हे त्यांना कुणी सांगितलं नाही. भंगारवाल्याने मात्र ते जोड हसतमुखाने नेले.

आमच्याकडे गुन्हेगार प्लेटच होती, आणि तिने फार लपवालपवी केलेली नव्हती. दोन मोठ्या कॅपॅसिटरांपैकी एकाचं डोकं तव्यावरच्या भाकरीसारखं टम्म फुगलेलं. त्यांच्या बुडाशी कारखान्यात ओतलेला गोंद मूळचा पिवळट असणार, तो आता काळपट तपकिरी झाला होता. आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पात्यांना चिकटलेल्या आयसीच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या चिपच्या, एका पायाजवळ राखेचा ठिपका. नंबर वाचता येत होता: टीडीए ७२९४. ज्यांनी कधी घरी अँप्लिफायर जुळवलाय त्यांना हा नंबर सांगायला नको. ४४४० वाले, २०३० वाले (हेही अशाच आयसींचे नंबर) आणि मग हौस वाढलेले ७२९४ वाले, अशा पुण्यातसुद्धा पिढ्या आहेत.

प्लेट आधी का मरते याचा हिशोब सोपा आहे. अशा इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर बरेचदा १०५ अंश असं छापलेलं असतं आणि त्या तापमानाला तो साधारण दोन हजार तास टिकेल अशी कंपनीची हमी असते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट. म्हणजे ६५ अंशांना ३२ हजार तास. ऐकायला खूप वाटतं. पण आपण वूफरचा प्लग कधी काढतो का? तो आपला वर्षानुवर्षं भिंतीत. ३२ हजार तास म्हणजे अखंड चालू ठेवलं तर पावणेचार वर्षंसुद्धा नाहीत. आमचा चौदा वर्षं गेला याचा अर्थ बहुतेक काळ तो बराच थंड बसलेला होता. त्याच्यावर आम्ही फार अत्याचार केले नाहीत, हेही त्यातून सिद्ध झालं. ते मी घरात बोलून दाखवलं. कुणी दाद दिली नाही.

आता बघा, असं हे उष्णतेला आणि हादऱ्यांना भिणारं सामान ठेवलंय कुठे, तर बंद डब्यात, थरथरणाऱ्या स्पीकरच्या पाठीला पाठ लावून. मागच्या पत्र्यातून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढी. असं करण्याचं कारण ग्राहकाची सोय: एक डबा, एक वायर, विषय संपला. अँप्लिफायर बाहेर वेगळा ठेवला तर तो जास्त टिकेल, पण मग घराघरांत 'हा आणखी एक डबा कशाला?' असं विचारणारं कुणीतरी असतंच.

उरलेल्या दोन वस्तूंचं मात्र तसं नाही. कॉइल, चुंबक आणि कोन ही रचना राइस आणि केलॉग या दोघांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये १९२५ साली मांडली. शंभर वर्षं झाली, आजही दुकानात मिळणारा जवळपास प्रत्येक वूफर त्याच तत्त्वावर चालतो. तेव्हा 'टेक्नॉलॉजी जुनी झाली' हे आमच्या स्पीकरला लागू करायचं तर सगळ्यांनाच करावं लागेल. आणि डबा हा नुसता खोका नसतो. आतली हवा स्पीकरच्या मागे स्प्रिंगचं काम करते, आणि कुठल्या स्पीकरला किती हवा लागते याचं गणित थीलने १९६१ मध्ये आणि स्मॉलने सत्तरच्या दशकात बसवून दिलं. म्हणून आठ इंचाच्या जागी दिसेल तो आठ इंची स्पीकर बसवला तर तो बसतो, वाजतो आणि वाईट वाजतो. स्पीकरच गेला असता आणि तोच मिळत नसता, तर मीसुद्धा नवऱ्याच्या बाजूला गेले असते.

तरी रीत म्हणून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवरच्या मुलाने मॉडेल नंबर टाइप केला आणि मान हलवली. मॉडेल बंद झालंय, प्लेट येत नाही. सुटी दुरुस्ती? आम्ही बोर्ड दुरुस्त करत नाही मॅडम, बदलतो. मग बदला. येत नाही. मग? मग एक्स्चेंज. जुना द्या, नव्यावर एवढे कमी. मी प्लेट पिशवीतून बाहेर काढली होती, ती त्याने हातात घेतलीच नाही. तो मुलगा उद्धट मुळीच नव्हता. त्याच्यासमोरच्या टेबलावर स्क्रूड्रायव्हरच नव्हता, तो तरी काय करणार. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलंय, कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती आणि सुटे भाग यांबद्दल लोकांना सांगावं म्हणून. चांगलंच आहे. पुढच्या पिढीतल्या वूफरांचं कल्याण होवो.

घरी आल्यावर नवऱ्याने नियम काढला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवं घ्यायचं. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि मोटारीपासून मिक्सरपर्यंत लावतात. मला तो कधीच नीट कळलेला नाही. निम्म्याहून जास्त, पण कशाच्या? १४ वर्षांपूर्वी घेतलेल्या या डब्याच्या तोडीचा वूफर आज घ्यायचा तर वीसेक हजार. फोनवर उघडून ठेवलेला होता आठ हजारांचा. त्याचे फोटो निरखून पाहिले: डबा आमच्याहून निम्मा, स्पीकर साडेसहा इंची, आणि खाली मोठ्या अक्षरांत वॅट. वॅटच्या आकड्यांवरचा माझा विश्वास पीएमपीओच्या, म्हणजे जाहिरातीतल्या फुगवलेल्या वॅटच्या, जमान्यातच उडाला. आठवतंय ना, हातभर टेपरेकॉर्डरवर हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेलं असायचं आणि तो चालायचा सहा सेलवर!

शिवाय निसर्गाचा एक कंजूष नियम आहे, त्याला हॉफमनचा नियम म्हणतात. डबा लहान, आवाज खोल आणि कमी विजेत मोठा, या तिन्हींपैकी दोनच एका वेळी मिळतात. लहान डब्यातून खोल आवाज हवा तर वीज ओता आणि कोन जोरात हलवा. नव्या वूफरांत तेच करतात, आणि बऱ्यापैकी करतात हेही खरं. नवे क्लास डी अँप्लिफायर विजेतली नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीकरपर्यंत पोचवतात, जुन्या पद्धतीचे निम्मी तरी तापण्यात घालवतात. स्टँडबायमध्येही फरक पडतो. जुना वूफर नुसता बसून दहा वॅट खात असेल तर वर्षाला सुमारे ८८ युनिट जातात. युरोपात २०१३ पासून अशा वस्तूंना स्टँडबायमध्ये अर्धा वॅटच घ्यायची परवानगी आहे. हा मुद्दा नवऱ्याचा, आणि तो मला मान्य करावा लागला. त्यावर उपाय मात्र पन्नास रुपयांचा होता: स्वीच हाताशी येईल असं एक्स्टेन्शन.

साउंडबारबरोबर आलेला वायरलेस वूफर असेल, किंवा स्वस्तातल्या पाच स्पीकरांच्या सेटमधला वूफर, ज्याच्या पोटात पाचही स्पीकरांचा अँप्लिफायर असतो, तर मी इतकं ताणलं नसतं. पहिला सहसा दुसऱ्या कंपनीच्या साउंडबारशी बोलत नाही, आणि दुसऱ्याचा डबा भुश्शाच्या पातळ फळीचा असतो, त्यात वाचवण्यासारखं फार नसतं.

टाकायचा म्हटलं तरी कुठे? सोसायटीत कचरा न्यायला येतात त्या ताईंना सहज विचारलं. त्यांनी डब्यावर टिचकी मारली.

"लाकूड आहे का?"

"नाही, दाबलेला भुस्सा."

"मग कोण घेतंय. आतली तार घेतील." म्हणजे वजनाचा निम्म्याहून मोठा भाग असा की जो ई-कचऱ्यातही बसत नाही आणि सरपणातही नाही.

शेवटी प्लेट कापडी पिशवीत घालून मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत तपकीर गल्लीत गेले. बुधवार पेठेतली ही गल्ली आता बरीचशी एलईडीच्या माळांची झाली आहे. दाराशी वायरींची वेटोळी, वर लटकलेले रंगीत दिवे, मधून हातगाडी, तिच्या मागे भोंगा वाजवणारी स्कूटर. पण एखादा जिना चढलं की अजून जुनं जग आहे. मला एकाने ज्यांच्याकडे पाठवलं त्यांचं दुकान म्हणजे एक टेबल आणि टेबलामागे भिंतभर खोकी, प्रत्येकावर नंबर. जळालेल्या राळेचा वास. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि प्लेट उजेडात धरली.

"काका, ७२९४ उडालीये बहुतेक."

"बहुतेक कशाला? दिसतंय की." मग माझ्याकडे बघून, "डबा कुठाय?"

"घरी ठेवलाय."

"बरं केलंत. कॉइल बघितली?"

"३.४ येतंय. घासत पण नाही."

"मग करायचं."

इतकंच. मी एवढे दिवस ज्याच्यावर वाद घालत होते त्याचा निकाल लागायला चहाचा घोटही पुरला. पण पुढे त्यांनी जे सांगितलं ते जास्त कामाचं होतं. नुसती आयसी बदलून काही होत नाही, ताई. लोक बदलतात, महिन्यात परत उडते, मग म्हणतात दुरुस्ती टिकत नाही. आधी हे कॅपॅसिटर. आणि हा गोंद. हा तापून तापून काळा झाला की त्यातून करंट फिरायला लागतो, पायसुद्धा खातो. तो सगळा खरवडून काढावा लागतो, आणि ते काम कुणाला नको असतं. मग त्यांनी दोन आयसी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मला दोन्ही सारख्याच दिसल्या. "ही ओरिजिनल. आणि ही तिच्या पाव किमतीत. ही लावून देतो म्हणालात तर देतो, पण मग वाईटपणा माझ्याकडे येणार." ओरिजिनल लावा म्हटलं.

ते खरवडत असताना मी स्टुलावर बसून राहिले. जुन्या टूथब्रशने, मग टोकदार चिमट्याने, मग परत ब्रशने. जुना डाख वितळवून ओढून घेतला, नवे कॅपॅसिटर बसवताना प्लस-मायनस दोनदा बघितलं. आयसीच्या पाठीला अभ्रकाची चकती आणि पांढरं मलम. आणि मग ज्यासाठी थांबले होते ते: भिंतीवरचा सिरीज बल्ब. जुना शंभर वॅटचा, पिवळ्या उजेडाचा. हे बल्ब आता सहज मिळत नाहीत, काकांनी खोकंभर जपून ठेवलेत. प्लेटला वीज द्यायची ती थेट न देता या बल्बमधून द्यायची. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, सगळी वीज तोच खातो आणि प्लेट वाचते. काकांनी खटका दाबला. बल्ब भक्कन पेटला. माझ्या पोटात गोळा. पण लगेच उतरत उतरत तो लालसर तारेवर आला आणि तिथेच थांबला. नवे कॅपॅसिटर भरत होते तेवढाच वेळ तो पेटला होता. मग मीटर लावून बाहेर डीसी येत नाही ना ते बघितलं, कारण ते आलं तर घरचा स्पीकर पहिल्या मिनिटात जळणार. मीटरवर काही मिलिव्होल्ट, म्हणजे काही नाहीच.

१,४५० रुपये झाले. त्यात ओरिजिनल आयसी, चार कॅपॅसिटर, आणि माझ्या प्रश्नांची उत्तरं. "गॅरंटी?" विचारलं तर म्हणाले, "इथेच आहे मी."

घरी प्लेट बसवली, स्क्रू आवळले, डग्गा परत आला. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांना त्याचं काही वाटतं त्यांना कळेल.

पण वूफर बाहेर काढलाच आहे तर जागा बदलून बघावी, असं मनात आलं. वूफरच्या नावावर जी बिलं फाटतात त्यातली निम्मी खोलीची असतात. आमचा हॉल चौदा फुटी. ४० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे हॉलच्या बरोबर दुप्पट, आणि त्यामुळे नेमका तोच स्वर या खोलीत घुमतो. भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर तो छातीत बसतो, खोलीच्या मधोमध सतरंजीवर बसलं तर जवळजवळ गायब. वीस हजारांचा नवा वूफर आणला असता तरी खोली चौदा फुटांचीच राहणार होती. यावर जुना उपाय आहे: वूफर उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण रांगत रांगत भिंतीकडेने फिरायचं. जिथे खर्ज सरळ आणि स्वच्छ ऐकू येईल ती वूफरची जागा. मी रांगत असताना लेकीने व्हिडिओ काढला. तो घरातल्या ग्रुपवर आहे.

जागा सापडली ती खिडकीखाली, कोपऱ्यापासून हातभर अलीकडे. ती जागा खालच्या मजल्यावरच्या आजींच्या देवघरावर येते. जाड आवाज भिंती अडवू शकत नाहीत. स्वर एक सप्तक खाली उतरला की भिंतीची अडवण्याची ताकद ढोबळमानाने सहा डेसिबलने घटते. म्हणून शेजाऱ्याकडे गाणं जात नाही, नुसतं धुम धुम जातं, आणि म्हणून श्रावणात नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला की ताशा ऐकू यायच्या आधी ढोल येतो. कायद्याने रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल, पण आजींना डेसिबल काय सांगणार? मी आपली खाली जाऊन बसले आणि वर नवऱ्याला गाणं लावायला सांगितलं.

"येतंय का हो काही?"

आजींनी कान दिला. "तुमचं नाही येत फारसं. पण हे बघ." देवघराशेजारच्या शोकेसची सरकती काच बारीक किणकिणत होती. आम्ही दोघींनी मिळून काचेच्या खाचेत कागदाची घडी कोंबली. वर वूफरखाली रबराचं जाड मॅट आलं. रात्री दहाला एक्स्टेन्शनचा स्वीच बंद, हे तेव्हाच ठरलं, म्हणजे स्टँडबायचे युनिटही वाचले.

नवऱ्याचं म्हणाल तर तो सेल संपला, दुसरा लागला. त्याच्या फोनवरचा साउंडबार अजून मिटलेला नाही. पण सध्या त्याला वूफरच्या मागच्या बटणांचा नाद लागलाय. वूफरने किती हर्ट्‌झपर्यंतचा आवाज घ्यायचा ते ठरवणारं एक बटण असतं. साधारण ८० च्या खाली आवाज कुठून येतो ते कानाला कळत नाही, म्हणून वूफर टीव्हीपासून लांब ठेवला तरी खपतो. हा ते १२० वर नेऊन ठेवतो. त्याला भरदार वाटतं. मग संध्याकाळी बातम्या लावल्या की वाचणारा माणूस दिसतो टीव्हीवर आणि बोलतो खिडकीखालून.

"बघ, किती छान येतंय," तो म्हणतो.

मी उठते आणि ८० वर आणते.